शीड भरलं की पेटी गळते: जुन्या लाकडी बोटीचं दरसालचं दुखणं

लक्षण आधी सांगतो, म्हणजे ज्याची बोट भलत्या ठिकाणी गळते त्याचा वेळ जायचा नाही. बोट काठाला बांधून ठेवली तर दिवसभरात आत थेंब नाही. वल्ह्यांनी नेली तरी कोरडी. पण शीड उभारून वाऱ्याकडे तिरकी चालवली, की अर्ध्या तासात पायाखाली पाणी खेळायला लागतं आणि तासाभरात १५ लिटरच्या दोन बादल्या उपसाव्या लागतात. उन्हाळ्यात फट बुजवायची आणि पोळ्यानंतर तीच फट पुन्हा उघडी. असं चार वर्षं चाललं.

बोट एंटरप्राइज जातीची आहे. जॅक होल्ट यांनी १९५६ साली आखलेली, दोन माणसांची, १३ फूट ३ इंच लांब. नेव्हल एनसीसीची पोरं आपल्याकडे ज्या निळ्या शिडाच्या बोटीवर शिकतात, तीच ही. नवीन बोटी फायबरच्या असतात, माझी जुनी प्लायवूडची आहे. भंगाराच्या भावात मिळाली आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, गादीवर झोपून भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात आली. आमच्याकडे गोसीखुर्दचं पाणी आहे. १९८८ साली पायाभरणी झालेलं, ३३ दरवाजांचं हे वैनगंगेवरचं धरण भरलं की मागे समुद्रच दिसतो, आणि तेव्हा त्यावर मासेमारीच्या होड्यांशिवाय फारसं काही दिसायचं नाही. गावात पहिला प्रश्न आला तो असा, की "इंजन कोठी आहे हिचं?" माझा धंदा पंपाच्या मोटरी रिवाइंडिंगचा, म्हणजे बिघाड शोधणं पोटापाण्याचं काम. तरी या बोटीने मला चार वर्षं उल्लू बनवलं.

चार वर्षांत काय काय केलं

ही बोट ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी रचना दोन ओळीत. तळाच्या मधोमध लांबट चीर असते. त्या चिरेतून एक फळी पाण्यात खाली सोडतात, तिला सेंटरबोर्ड म्हणतात. ती नसेल तर बोट वाऱ्याने पुढे जायच्या ऐवजी आडवी सरकते. चिरेतून पाणी आत येऊ नये म्हणून तिच्याभोवती बोटीच्या आत लाकडाची उभी, अरुंद पेटी असते. पेटीचा वरचा काठ पाण्याच्या पातळीच्या वर, आणि खालचा काठ तळाच्या मधल्या कण्यावर चिकटवलेला आणि स्क्रूने आवळलेला. बोटीच्या अंगात सगळ्यात जास्त भार सोसणारा आणि सगळ्यात कमी दिसणारा सांधा तो हाच.

पहिल्या वर्षी मी सेंटरबोर्डच्या खिळीवर, म्हणजे तो ज्या बोल्टवर फिरतो त्यावर, संशय घेतला. बोल्ट पेटीतून आरपार जातो आणि पाण्याच्या पातळीखाली असतो, त्यामुळे संशय रास्तच होता. सायकलच्या ट्यूबचे वॉशर कापून घातले. गळती थोडी कमी झाली आणि मी चुकीच्या वाटेवर खुश झालो.

दुसऱ्या वर्षी पेटीच्या तळाला बाहेरून दोन भागांची इपॉक्सी लांबी, म्हणजे पुट्टी, मळून दाबली. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, चालू होता, लाकूड हाडासारखं वाळलेलं, फट चांगली रुंद दिसत होती. मनात म्हटलं, फट दिसते तेव्हाच बुजवावी. ऑक्टोबरमध्ये लांबीच्या अख्ख्या पट्ट्या नखाने निघाल्या.

तिसऱ्या वर्षी सिलिकॉन. त्याबद्दल एवढंच सांगतो, की लाकडाला सिलिकॉन लावू नका. ते सुटतं, पण त्याचा तेलकट थर लाकडात राहतो आणि त्यावर पुढे ना रंग बसतो ना इपॉक्सी. तो खरवडण्यात माझे तीन दिवस गेले.

चौथ्या वर्षी पेटीखालचे दोन्ही ठोकळे कुजल्यासारखे वाटले म्हणून सुताराकडून नवीन सागाचे करून घेतले. साग आपल्याकडचा, गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या बाजूचा, नाव काढण्यासारखा. पण ओला होता, आणि घाई माझी होती. तो उन्हाळ्यात आकसला आणि फट आधीपेक्षा मोठी झाली.

काठावरच्या एका ढिवर, म्हणजे मासेमार, काकांनी हे सगळं बसून पाहिलं. चौथ्या वर्षी बोलले, "भाऊ, नाव पान्यातच बरी रायते. तुमी तिले उनात सुकवता, मंग थे रडनच ना जी." त्यांची स्वतःची फळ्यांची नाव ते उन्हाळ्यात दगड भरून उथळ पाण्यात बुडवून ठेवतात. फळ्या फुगलेल्या राहतात आणि सांधे आपोआप मिटतात. पूर्ण पाण्याखालच्या लाकडाला हवा मिळत नाही, म्हणून ते लवकर सडतही नाही. त्यांच्या नावेसाठी हे शंभर टक्के बरोबर. माझ्या बोटीला ते चालत नाही, कारण जुनं प्लाय महिनोन्‌महिने भिजलं की त्याचे थर सुटतात. पण त्यांच्या बोलण्यातला अर्धा भाग मला लागू होता, आणि तो मला नंतर उमजला.

कुठे गळते याच्या आधी केव्हा गळते

मोटर जळून आली की आम्ही विचारतो, कधी जळली? चालू करताना, की दोन तास चालल्यावर? व्होल्टेज कमी होतं का? बोटीला मी हा प्रश्न कधी विचारलाच नव्हता. मी सरळ फटीकडे धावत होतो.

विचारल्यावर उत्तर लगेच मिळालं. उभ्या बोटीत पाणी नाही म्हणजे नुसती फट हे कारण नाही, कारण फटीला पाण्याचा दाब तेव्हाही तेवढाच असतो. वल्ह्यांवर कोरडी राहते म्हणजे वेगाचाही दोष नाही. फक्त शीड भरल्यावर, आणि त्यातही वाऱ्याकडे तिरकं जाताना. त्या वेळी वारा बोटीला आडवं ढकलतो आणि सेंटरबोर्ड पाण्याला टेकून ते ढकलणं अडवतो. म्हणजे चार फूट लांबीची फळी पहारीसारखी पेटीला पिळत असते. पेटी हलते, सांधा उघडतो, आणि शीड सोडलं की सांधा पुन्हा मिटतो. काठावर आणून पाहिलं तर काहीच नाही. चोर घरातच होता, पण मी गेल्यावर बाहेर यायचा.

हे जमिनीवर तपासता येतं. बोट सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर ठेवली आणि पेटीभोवती, बोटीच्या आत, चिकणमातीचा चार बोटं उंचीचा बांध घातला. धानाच्या बांधीसारखाच, फक्त हात दीड हात लांब. त्यात पाणी भरलं आणि कपड्याला घालतात ती नीळ टाकली. अख्खी बोट पाण्याने भरू नका. चार इंच पाणी भरलं तरी तीनशे किलोच्या आसपास वजन होतं आणि घोड्यांवरची जुनी बोट कमरेतून वाकते. बाहेरून तळाला सांध्याच्या दोन्ही बाजूंनी खडूची भुकटी चोळली. ओली रेघ पांढऱ्यावर लगेच उठते.

पाच मिनिटं काही नाही. मग मुलाला सांगितलं, खालून बाहेर आलेल्या सेंटरबोर्डचं टोक आडवं ढकल. फार जोर नाही, पंप सुरू करायच्या हँडलला लावतो तेवढा. डाव्या बाजूला, मागच्या तिसऱ्या भागात, वीतभर लांबीची निळी रेघ उमटली. सोडलं की थांबायची. मोटरसायकलच्या गॅरेजमधून फिलर गेज आणून घातलं तर अर्ध्या मिलिमीटरची पट्टी आत गेली.

आणि वर पाहिलं तर पेटीचा माथा चांगला दोन बोटं डोलत होता. डोलायला नको. पेटीच्या माथ्याला धरून ठेवायला बोटीत एक आडवी फळी असते, ज्यावर आपण बसतो. मी तिला बसायचा पाट समजत होतो. ती प्रत्यक्षात पेटीची बहीण आहे, खालच्या सांध्यावरचा पीळ वरून अर्धा उचलणारी. तिचे दोन्ही टोकांचे लोखंडी स्क्रू गंजून नुसते भोकांत बसले होते. लोखंड आणि ओलं लाकूड एकत्र आलं की भोवती काळा डाग पडतो. असे काळे डाग तिथे चार वर्षांपासून होते, मी त्यावर बूड ठेवून बसत होतो.

कधी पाण्याखालच्या खुंटाला बोर्ड आपटला असेल तर पेटी तपासाच. गोसीखुर्दच्या बुडीत भागात जुनी झाडं आणि विहिरींचे कठडे उभे आहेत, आणि जलपर्णीचा गठ्ठा बोर्डाला अडकला तरी तो पहारीसारखाच ओढतो.

मग फट दर वर्षी मोठी का होते

आडवी फळी ढिली हे एक कारण. पण लांबी दर वर्षी का निघते याचं उत्तर काकांच्या "उनात सुकवता" मध्ये होतं.

लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. नवतप्यात आमच्याकडे दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास किंवा खाली जाते, तेव्हा सावलीतल्या लाकडातही चार-पाच टक्केच ओल उरते. श्रावणात तेच लाकूड पंधरा-सोळा टक्क्यांवर जातं. एवढ्या फरकाने सागाची वीतभर, म्हणजे वीस सेंटिमीटर रुंद फळी आडव्या रेषांच्या बाजूने चिरलेली असेल तर तीन-साडेतीन मिलिमीटर कमीजास्त होते. लांबीच्या दिशेने जवळपास काहीच नाही. प्लायमध्ये थर एकावर एक आडवे-उभे असतात म्हणून ते एकमेकांना धरून ठेवतात आणि प्लाय फारसं हलत नाही. बोटीचं अंग प्लायचं आणि पेटीचे ठोकळे सबंध लाकडाचे, म्हणजे एकाच सांध्यावर एक हलणारा आणि एक न हलणारा.

आता मी काय करत होतो पाहा. वर्षातल्या सगळ्यात कोरड्या आठवड्यात, फट सगळ्यात रुंद असताना, ती दगडासारख्या कडक लांबीने भरत होतो. पोळ्याला बोट पाण्यात गेली की लाकूड फुगणार, पण फुगायला जागा नाही. मग ते लांबीवर दाबलं जाऊन स्वतःच्याच कडा चेमटवून घेतं. चेमटलेले धागे परत भरत नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात लाकूड आकसलं की मूळ फट अधिक चेमटलेला भाग, एवढी नवी फट. म्हणजे दर साली फट मोठी करण्याचं काम मी स्वतःच, पैसे खर्चून, करत होतो.

बैलबंडीच्या चाकाचं उदाहरण आपल्या घरातलंच आहे. उन्हाळ्यात आरे खडखडतात म्हणून जुनी माणसं चाक पाण्यात टाकायची, आरे-पाट्यांच्या मध्ये पाचर ठोकायची नाहीत. पाचर ठोकली तर पावसाळ्यात पाटा फुटतो.

दुरुस्ती

पहिली गोष्ट महिना. मी काम मेमधून काढून डिसेंबरमध्ये नेलं. दिवाळीनंतर बोट बाहेर काढली आणि कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, सावलीत, पोत्यांवर महिनाभर हळूहळू सुकू दिली. लाकूड मधल्या ओलीवर, दहा ते बारा टक्क्यांवर, असताना सांधा करायचा, म्हणजे पुढे ते दोन्हीकडे थोडंथोडंच हलेल. ओल मोजायला यंत्र घ्यायची गरज नाही. त्याच लाकडाचा एक तुकडा बोटीशेजारी ठेवा आणि दर आठवड्याला सोनाराच्या किंवा किराण्याच्या डिजिटल काट्यावर तोला. वजन स्थिर झालं की लाकूड हवेशी जुळलं. टक्केच पाहिजे असतील तर एक छोटा तुकडा ओव्हनमध्ये १०० अंशांच्या थोडं वर, वजन उतरणं थांबेपर्यंत, वाळवा. आधी ११२ ग्रॅम आणि नंतर १०० भरला, तर ओल १२ टक्के.

गंजलेले स्क्रू काढायला माझा धंदा कामी आला. १०० वॅटची सोल्डरिंग आयर्न स्क्रूच्या डोक्यावर दोन मिनिटं टेकवली की लोखंड तापून फुगतं, थंड होताना लाकडापासून सुटतं, आणि स्क्रू फिरतो. डोकंच तुटलं तर भोवती पोकळ पाइपच्या दातेरी तुकड्याने छोटं भोक पाडून, सागाची गोल गुल्ली चिकटवून बंद करा.

पेटी उचकटल्यावर जुन्या गोंदाकडे नीट पहा. लालसर तपकिरी रेघ असेल तर तो रिसॉर्सिनॉल गोंद, पाण्याला दाद देत नाही. पांढरट, काचेसारखे कण सुटत असतील तर युरिया फॉर्मल्डिहाइड. त्याला ऊन आणि ओल दोन्ही सोसत नाहीत. माझ्या पेटीत हाच होता आणि पुठ्ठ्यासारखा सुटत होता. म्हणजे बाहेरून काहीही फासलं असतं तरी आतला सांधा मेलेलाच होता. सगळा खरवडून निव्वळ लाकूड दिसेपर्यंत साफ केला. टोच्याने टोचून पाहिलं. जिथे टोच्या लोण्यात जावा तसा गेला तिथलं लाकूड पूर्ण काढलं, आणि त्यापुढचंही एक बोट.

प्लायचा सडका भाग बदलायचा असेल तर आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लायच घ्या, कपाटाचा नको. सांधा समोरासमोर न करता तिरका तासा, जाडीच्या आठपट. सहा मिलिमीटरच्या प्लायला तिरपा भाग ४८ मिलिमीटरचा. तुकडा खरा आहे की नाही हे पाहायला दोन इंचाचा चौकोन चुलीवर उकळत ठेवा. दिवसभरात थर सुटले तर दुकानदाराचा शिक्का काही कामाचा नाही.

गोंद म्हणजे साधा दोन भागांचा पातळ इपॉक्सी. तीन ठिकाणी लोक फसतात. सागाला अंगचं तेल असतं, म्हणून चिकटवायच्या अगदी आधी, त्याच दहा मिनिटांत, सांधा अ‍ॅसिटोनने पुसा. दुसरं, आधी नुसता पातळ इपॉक्सी दोन्ही बाजूंना पाजा, मग त्याच इपॉक्सीत आरा मशीनचा कपड्यातून चाळलेला बारीक भुसा मिसळून घट्ट श्रीखंडासारखा करा आणि तो भरा. नुसता घट्ट गोंद लावला तर त्यातला रस लाकूड पिऊन टाकतं आणि सांधा उपाशी राहतो. तिसरं, शिकंजा जिवाच्या आकांताने आवळू नका, सगळा गोंद बाहेर येतो. दोन्ही बाजूंनी एकसारखी बारीक वात बाहेर आली की थांबा. कोपऱ्यात त्याच मिश्रणाची चमच्याच्या पाठीने गोलाई काढा आणि ओली असतानाच काचेच्या कापडाची, म्हणजे फायबरग्लासची, पट्टी, दोन थर, बसवा.

डिसेंबरच्या रात्री आमच्याकडे दहा-बारा अंशांवर जातात आणि इपॉक्सी हट्टाला पेटतो, दोन दिवस चिकटच राहतो. ताडपत्रीचा तंबू करून आत २०० वॅटचा बल्ब सोडला, कापडाला न लागेल असा. उलट मेमध्ये काम कराल तर वाटीतच तापून धूर निघतो. साधारण दहा अंश वाढले की कामाचा वेळ निम्मा होतो. वाळल्यावर वर मेणचट थर दिसला तर आधी पाण्याने धुवा, मग पॉलिश पेपर मारा. उलट केलं तर तो थर पेपरने आतच रगडला जातो.

आडवी फळी मी स्क्रूवर ठेवलीच नाही. दोन्ही टोकांना सागाचे कोपरे बसवून स्टेनलेसचे बोल्ट आरपार घातले, आणि पेटीच्या माथ्याला ती मधोमध आवळली. मग मुलाकडून पुन्हा टोक ढकलवलं. माथा हलत नाही, निळी रेघ नाही. खरं सांगायचं तर याच एका कामाने नव्वद टक्के गळती थांबली असती. आधी हे केलं असतं तर पेटी उचकटावी लागली असती का, हा प्रश्न मी स्वतःला विचारत नाही.

जिथे वस्तू हलणारच, उदाहरणार्थ खिळीचा बोल्ट आणि सुकाणूच्या बिजागऱ्या, तिथे इपॉक्सी नको. पॉलियुरेथेन सीलंट लावा. ते रबरासारखं राहतं.

रंग पांढराच द्या. मी आधी गर्द निळा दिला होता, शिडाशी जुळतो म्हणून. उन्हात गर्द रंगाचं अंग सत्तर अंशांच्या वर तापतं, आणि घरगुती इपॉक्सी पन्नास-साठ अंशांपासूनच मऊ पडायला लागतो. उघडा इपॉक्सी उन्हाने पांढरट होऊन झडतो, म्हणून रंग किंवा वॉर्निश पाहिजेच.

ठेवायची जागा

उन्हाळ्यात बोट आता तणसाच्या छपराखाली, घोड्यांवर, पालथी असते. तणस छपरावर, बोटीवर नाही. अंगाला लागून रचलं तर आत ओल धरते आणि उधई, म्हणजे वाळवी, येते. घोड्यांचे पाय जुन्या ऑइलच्या डब्यात ठेवले आहेत. पोकळ कप्प्यांची झाकणं उघडी ठेवतो, बंद कप्प्यात घाम धरून सड तिथूनच सुरू होते. पेटीवर ओलं पोतं टाकायचा सल्ला मलाही मिळाला. फळ्यांच्या नावेला ते बरं, प्लायला नको. सडीच्या बुरशीला वीस टक्क्यांच्या वरची ओल आणि हवा दोन्ही लागतात, आणि ओलं पोतं तिला दोन्ही देतं.

या पोळ्यानंतर बोट चार वेळा पाण्यात गेली, त्यातल्या एकदा चांगल्या वाऱ्यात दोन तास, अंगात लाइफ जॅकेट आणि तळाशी कोरडा स्पंज. परतल्यावर स्पंज पिळला तर चहाचा मग भरला, तोही निळसर नाही, गढूळ, आणि खिळीच्या बोल्टाकडून आलेला. सायकलच्या ट्यूबचा तो पहिल्या वर्षीचा वॉशर अजून तिथेच आहे. दिवाळीनंतर बोट बाहेर निघाली की बदलतो.